जहाजावरच्या टिपेचं भांडण आणि त्याचा हिशोब

आमच्या बेळगावच्या भिशीतल्या चार घरांनी एप्रिल 2025 मध्ये सिंगापूरहून क्रूझ केली, चार रात्रींची, सिंगापूर-पेनांग-फुकेत आणि परत सिंगापूर, आणि घरी आल्यावर टिपेच्या पैशावरनं जे वाजलं ते मिटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण भिशीचा हिशोब मी ठेवतो. मी स्वतः गेलो नव्हतो, म्हणूनच मला पंच केलं असणार. माझ्यापुढं आले ते कागद: बुकिंगचं व्हाउचर, पाच खोल्यांची शेवटच्या सकाळची बिलं, बारच्या स्लिपा, आणि टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं सगळं चॅट, तेही गुड मॉर्निंगच्या फुलांसकट. जहाज कंपनीचं आणि ट्रॅव्हलवाल्याचं नाव देत नाही, त्यानं काही अडत पण नाही, मोठ्या कंपन्यांत थोड्याफार फरकानं हाच प्रकार आहे.

माणसं कोण ते सांगतो. उद्यमबागेतले फाउंड्रीवाले, नवरा-बायको, मुलगा आणि सून, म्हणजे चार जण, दोन खोल्या. टिळकवाडीतले मेडिकलवाले, नवरा-बायको आणि नऊ वर्षांचा पोरगा. अनगोळचे रिटायर मास्तर आणि त्यांच्या बाई. आणि शहापुरात साड्यांचं दुकान असलेल्या काकू, सोबत त्यांची निपाणीची बहीण. एकूण अकरा डोकी. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळूर, तिथनं विमान, मग सिंगापूरला मरीना बे क्रूझ सेंटरवर जहाज. इथपर्यंत कुणाचं कुणाशी काही बिनसलं नव्हतं.

आता व्हाउचर. पॅकेजमध्ये काय आहे त्या यादीत खोली, मेन डायनिंगचं आणि बुफेचं जेवण, शो, पोर्ट चार्जेस, टॅक्स. काय नाही त्या यादीत विमा, दारू आणि कोल्ड्रिंक, पैसे देऊन जायची स्पेशल रेस्टॉरंट, किनाऱ्यावरच्या टूर, आणि सगळ्यात शेवटी एकच शब्द, ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या कामगारांची टिप. पुढं आकडा नाही, कधी द्यायची कुणाला द्यायची काही नाही. आणि बुकिंग करताना ट्रॅव्हलवाला फोनवर म्हणालेला, "काका, सगळं इन्क्लूड हाय, जहाजावर पाणीसुद्धा विकत घ्यायचं न्हाई." फाउंड्रीवाल्यांनी हे वाक्य त्याच दिवशी ग्रुपवर टाकलंय म्हणून मला माहीत. त्यात पॅकेजवर 5 टक्के टीसीएस, म्हणजे पॅकेज विकणाऱ्यानं आगाऊ कापून घ्यायचा कर, कापलेला, तो पण बऱ्याच जणांनी टिप-बिप असल्यासारखाच काहीतरी जादाचा खर्च समजून मनात धरलेला. खरं तर तो आयकर रिटर्नमध्ये वळता होतो, त्याचा जहाजावरच्या माणसांशी काडीचा संबंध नाही. पण एकदा माणसाला वाटलं की आपण जादा दिलंय, की पुढचा प्रत्येक रुपया टोचतो.

तिसऱ्या दिवशी फुकेतहून जहाज सुटल्यावर फाउंड्रीवाल्यांच्या मुलानं मोबाइलवर आपलं जहाजावरचं खातं उघडून बघितलं. जहाजावर रोख चालत नाही, खोलीचं कार्ड दाखवायचं आणि सगळं खात्यावर चढतं, शेवटी क्रेडिट कार्डावरनं वळतं. तर त्या खात्यात रोज माणशी 16 डॉलर ग्रॅच्युइटी म्हणून चढलेले. चार रात्रींचे माणशी 64 होणार, अकरा जणांचे 704. डॉलर तेव्हा 85 च्या घरात होता, म्हणजे साठ हजाराला दीडेकशे कमी. मग ग्रुपवर जो धुरळा उडालाय तो वाचण्यासारखा आहे. फाउंड्रीवाले: "हे काय ओ, मागितल्याबिगर टिप? आम्ही काय खुळे काय?" मेडिकलवाले: "माझ्या पोराला पण तेवढेच लावलेत बघा, तो काय बियर पितोय काय?" मास्तर: "दर सगळ्यांना सारखाच असेल, उद्या चौकशी करू." काकूंनी नुसता हात जोडलेला इमोजी टाकलाय, त्याचा अर्थ काय लावायचा तो लावा.

दर बघायचा तर 16 डॉलर काही जगावेगळा नव्हता. अमेरिकन धर्तीच्या मोठ्या कंपन्यांचा साध्या खोलीचा दर आजकाल साधारण 16 ते 20 डॉलरच्या मध्येच असतो, स्वीट घेतला तर अजून वर. शिवाय बारच्या बिलावर, स्पावर, स्पेशल रेस्टॉरंटच्या बिलावर 18 ते 20 टक्के वेगळे आपोआप लागतात. फाउंड्रीवाल्यांच्या मुलाच्या स्लिपांवर ते स्पष्ट आहे, 9 डॉलरची बियर, त्यावर 18 टक्के, 10.62. आणि त्याच्या खाली 'ॲडिशनल टिप' म्हणून मोकळी ओळ. त्या ओळीत या पठ्ठ्यानं प्रत्येक वेळी 2 डॉलर लिहिलेत, रिकामी ओळ दिसली की भरायची अशी शाळेतली सवय. म्हणजे वडील काउंटरवर ग्रॅच्युइटी काढायला भांडतायत आणि मुलगा वरच्या डेकवर दुप्पट टिप देतोय. वडिलांना हे मी स्लिपा दाखवल्यावर कळलं.

चौथ्या दिवशी जहाज दिवसभर समुद्रातच असतं. जेवणं झाल्यावर फाउंड्रीवाले आणि मेडिकलवाले गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर गेले. तिथं मोठी लाइन होती. बऱ्याच कंपन्यांत ही रक्कम कमी करता येते किंवा पूर्ण काढता येते, पण जहाजावर असेपर्यंतच, एकदा उतरला की खातं बंद. काउंटरवरच्या बाईनं कारण विचारलं, सेवेत काही कमी पडलं का विचारलं, फाउंड्रीवाले म्हणाले सेवा चांगली आहे पण आम्ही आमच्या हातानं देणार. सही घेतली, काढून टाकलं. सात माणसांचे 448 डॉलर गेले. मास्तरांनी काढले नाहीत, काकूंनी काढले नाहीत.

मग फाउंड्रीवाल्यांनी जे केलं ते मुद्दाम सांगायला पाहिजे, नाहीतर माणूस चिकट वाटेल आणि तो तसा नाही. त्यांच्या आणि काकूंच्या खोल्या बघणारा केबिन स्ट्युअर्ड निघाला आपल्याच भागातला, खानापूर तालुक्यातला, जांबोटीकडचा. पहिल्याच दिवशी काकू बहिणीशी बोलत होत्या ते ऐकून त्यानं विचारलं, "काकू, तुम्ही बेळगावच्या काय?" झालं, मग काय, काकूंनी डब्यातला कुंदा काढून त्याच्या हातावर ठेवला. पोरगा आधी गोव्यात कळंगुटला हॉटेलात होता, मग सेफ्टीचे कोर्स केले, सीडीसी म्हणजे खलाशाचं सरकारी पुस्तक काढलं आणि एका एजंटाला पैसे मोजून जहाजावर चढला, त्यासाठी गावच्या सोसायटीचं कर्ज. (खलाशाकडनं नोकरी लावल्याचे पैसे घेणं हे आंतरराष्ट्रीय करारातही बसत नाही आणि आपल्या शिपिंगच्या नियमातही नाही, लायसनवाल्या एजंटाला तर अजिबात नाही, मेडिकल, पासपोर्ट आणि सीडीसीचा खर्च तेवढा पोराचा. पण घेणारे घेतात. तुमच्या घरचा कोण जाणार असेल तर एवढं लक्षात असू दे.) तर शेवटच्या रात्री फाउंड्रीवाल्यांनी त्या पोराला बोलावून शंभर डॉलरची नोट हातात दिली, खांद्यावर हात ठेवला, फोटो काढला. मेडिकलवाल्यांनी त्याच रात्री आपल्या खोलीवाल्याला 20 दिले, तो फिलिपिनो होता. काकूंनी ग्रॅच्युइटी ठेवून शिवाय जांबोटीच्या पोराला 20 दिले.

पोरानं नोट घेतली आणि हळूच विचारलं, "साहेब, वरचं काढलंय काय तुम्ही?" फाउंड्रीवाले म्हणाले हो, सगळं तुलाच. तो हसला आणि गेला. सकाळी उतरताना काकूंनी त्याला खोदून विचारलं तेव्हा सांगितलं त्यानं. ज्या खोलीनं ग्रॅच्युइटी काढली तिची यादी सुपरवायझरकडं येते, आणि त्या खोलीतल्या माणसानं रोख काही दिलं तर ते जमा करायचं, ते पूलमध्ये, म्हणजे सगळ्या कामगारांच्या सामाईक टिपेत जातं. त्यानं रात्रीच जमा केलेली नोट. काकूंचे 20 मात्र त्याचे, कारण त्यांनी मूळचं भरलं होतं, त्यावरचं जे दिलं ते ज्याचं त्याला. कंपनीगणिक नियम बदलतात पण हा नियम बऱ्याच ठिकाणी असाच आहे. म्हणजे हिशोब असा झाला की काकूंची वीसची नोट त्याच्या खिशात राहिली आणि फाउंड्रीवाल्यांची शंभराची राहिली नाही.

हे काकूंनी सिंगापूरच्या विमानतळावर सगळ्यांसमोर सांगितलं. काकूंची वेळ जरा चुकली असं माझं मत आहे. फाउंड्रीवाल्यांचा पारा जो चढला तो बेळगावच्या स्टेशनात उतरेपर्यंत खाली आला नाही. "म्हणजे मी माझ्या पोराला दिलेलं कंपनीनं खाल्लं!"

खाल्लं का, ते नीट बघायला पाहिजे, कारण अख्खं भांडण याच्यावर उभं आहे. माझा भाचा काही वर्षं जहाजावर होता, आधी लॉन्ड्रीत, मग गॅलीत म्हणजे तिथल्या स्वयंपाकघरात, त्याला मी फोन लावला. पूर्वी पद्धत पाकिटाची होती. शेवटच्या रात्री खोलीत रिकामी पाकिटं यायची, एक स्ट्युअर्डचं, एक वेटरचं, एक त्याच्या असिस्टंटचं, एक हेड वेटरचं. ते चालायचं कारण जेवायचं टेबल आणि वेळ ठरलेली, रोज तोच वेटर. 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइननं ठरलेल्या टेबलाची भानगड काढून टाकली, हवं तेव्हा हवं तिथं जेवा, आणि पुढं बाकीच्यांनी पण कमीजास्त तसंच केलं. आता रोज वेगळा वेटर, मग पाकीट कुणाला देणार? म्हणून रोजची ठरावीक रक्कम खात्यावर टाकायची पद्धत सगळीकडं बसली. आणि त्यात मग न दिसणारे पण आले. चादरी धुणारे, भांडी घासणारे, रात्री दोनला जिने पुसणारे. भाचा म्हणाला, "मामा, लॉन्ड्री पार खालच्या डेकवर, मला तिथं असेपर्यंत एका पॅसेंजरनं बघितलंसुद्धा न्हाई, नोट कोण देणार?" त्याला पगारात जे वरचं यायचं ते पूलमधनंच.

पगाराची रचना पण सांगितली त्यानं. कुणाला ठरलेली रक्कम गॅरंटी असते, कुणाला बेसिक कमी आणि बाकीचं ग्रॅच्युइटीतनं. पूल कमी पडला तर गॅरंटीवाल्याचं कंपनी भरून काढते, दुसऱ्याचं नुसतंच कमी होतं. सहा ते नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, त्यात आठवड्याची सुट्टी हा प्रकार नाही, रविवार नाही गणपती नाही. दिवसाला दहा-अकरा तास ठरलेले. 2006 चा मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन म्हणून करार आहे, 2013 पासून लागू झाला, भारतानं 2015 मध्ये मान्य केला, त्यात विश्रांती दिवसाला कमीत कमी 10 तास आणि आठवड्याला 77 तास. उलटं गणित केलं तर आठवड्याला 91 तास काम घेतलं तरी कागदावर नियम मोडत नाही. एका स्ट्युअर्डकडं पंधरा-वीस खोल्या, दिवसातनं दोनदा.

म्हणून कंपनीनं नोट खाल्ली हे बरोबर नाही, ती पूलमध्ये गेली, आणि पूल ज्यांचा आहे त्यांच्यात जांबोटीचं पोरगं पण आहे. पण फाउंड्रीवाल्यांचा राग शंभर टक्के फुकटचा आहे असंही मी म्हणणार नाही. कुठल्या कामाला किती वाटा जातो हे कंपन्या फोडून सांगत नाहीत. भाडं स्वस्त दाखवायचं आणि पगाराचा बोजा प्रवाशाच्या खात्यावर 'टिप' म्हणून टाकायचा ही सरळ चलाखी आहे, मला तरी ती पटत नाही. फक्त त्या चलाखीचा निषेध शेवटच्या रात्री काउंटरवर केला की कंपनीचं फारसं काही जात नाही, भाडं तिला आधीच मिळालेलं असतं, जातं ते गॅरंटी नसलेल्याचं. सात माणसांनी 448 काढले, त्यातले 120 रोख परत आले, राहिले 328 डॉलर, सत्तावीस हजार आठशेऐंशी रुपये. ते सगळे काही कंपनीच्या मालकानं सोसले नाहीत.

फाउंड्रीवाल्यांचं एक कायदेशीर कलम पण होतं, ते पेपरातलं कात्रण घेऊनच आले माझ्याकडं. 28 मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टानं निकाल दिला की हॉटेल-रेस्टॉरंटांनी सर्व्हिस चार्ज सक्तीनं लावायचा नाही, ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या गाइडलाइन्स बरोबर आहेत. टूरला निघायच्या थोडेच दिवस आधी आलेला निकाल, त्यामुळं डोक्यात ताजा. "मग हे सक्तीचं कसं काय?" असा प्रश्न. आता हे जहाज परदेशी झेंड्याचं, अशी जहाजं बहुतेक बहामाज, पनामा, माल्टा, बर्म्युडा असल्या ठिकाणी नोंदलेली असतात, चढायचं सिंगापुरात, आणि तिकिटासोबत अटींचं भलंमोठं बाड असतं जे आपण टिक मारून मान्य केलेलं असतं. बेळगावात बसून तिकीट काढलं म्हणून दिल्लीचा निकाल अंदमानच्या समुद्रात लागत नाही. आणि तसं बघितलं तर सक्ती झालीच कुठं? काढायला गेले, काढून दिली. मास्तर हे बोलले तेव्हा फाउंड्रीवाले गप्प बसले, पण मेडिकलवाले म्हणाले, "काढायला लाइनीत उभारावं लागतंय, लाज वाटतीय, तीच सक्ती." यात दम आहे. काढता येतं पण काढताना माणसाला चारचौघांत हलकं वाटलं पाहिजे, अशीच ती सोय केलेली असते.

मला जास्त विचार करायला लावला तो वेगळ्याच गोष्टीनं. फाउंड्रीवाले दर खंडेनवमीला कारखान्यात पूजा झाली की प्रत्येक कामगाराला स्वतःच्या हातानं पाकीट आणि पेढ्याचा बॉक्स देतात, मोल्डिंगवाल्यापासनं गेटवरच्या वॉचमनपर्यंत, नाव घेऊन, पोरं कितवीत आहेत विचारून. कारकुनाला सांगून खात्यात टाकणं त्यांना जमलं असतं, पण त्यांना ते अपमानाचं वाटतं. त्यांच्या हिशोबात पैसा तोंड बघून द्यायचा असतो, घेणाऱ्यानं बघितलं पाहिजे कोण देतंय आणि देणाऱ्यानं बघितलं पाहिजे कोण घेतंय. बेळगावात आपण सगळे असेच आहोत, लग्नात आचाऱ्याला, बँडवाल्याला, मांडववाल्याला, हातात. जहाजावर हे बसत नाही कारण तिथं ज्यांनी राबायचं त्यातले निम्मे आपल्याला दिसणारच नाहीत अशी व्यवस्था आहे. कारखान्यात मालक तेच असल्यामुळं वॉचमन सुटत नाही. जहाजावर ते मालक नाहीत, अडीच हजार गिऱ्हाइकांतले एक आहेत, आणि तिथं तोंड बघून द्यायचं म्हटलं की जांबोटीचा पोरगा दिसतो, लॉन्ड्रीतला माझा भाचा दिसत नाही. हे मी त्यांना असंच सांगितलं. "तुझा भाचा होता होय लॉन्ड्रीत?" एवढंच म्हणाले.

आता खरा तंटा, पैशाचा. टूरला निघायच्या आधी ग्रुपवर फाउंड्रीवाल्यांचाच मेसेज आहे: "टिप-बिप सगळं कॉमनमधनं, कुणी खिशातनं काढायचं नाही, दारू ज्याची त्याला." सगळ्यांनी अंगठा दाखवलाय. परत आल्यावर मास्तरांनी आपले दोघांचे 128 डॉलर कॉमनला लावले, काकूंनी 128 आणि वरचे 20, असे 148. फाउंड्रीवाले म्हणाले, आम्ही तर ग्रॅच्युइटी काढली, मग तुमची आम्ही का भरायची, तुम्ही पण काढायची होती. आणि त्याच दमात, माझे शंभर मात्र कॉमनला लावा, कारण ते आपल्या गावच्या पोराला सगळ्यांच्या वतीनं दिलेत. मेडिकलवाले म्हणाले काहीच कॉमनला लावू नका, ज्याचं त्याचं. साहजिक आहे, त्यांचे 20 च गेले होते.

मी तीन प्रकारे मांडून बघितलं. ज्याचं त्याला, म्हणजे कुणाकडनं कुणाला काही जायचं नाही, पण मग निघण्याआधीच्या शब्दाला काय किंमत? दुसरं, माणशी 64 हा दर धरायचा, जणू सगळ्यांनी भरलेच, आणि फाउंड्रीवाल्यांकडनं, मेडिकलवाल्यांकडनं फरक घ्यायचा. मास्तरांना हे हवं होतं, उरलेले 328 डॉलर जहाजाच्या पूलला पाठवू असंही म्हणाले, पण खाती बंद झालेली, आता पाठवणार कुठं आणि ते कुणाच्या हाती पडणार? जमा करून ठेवायचे आणि करायचं काय? तिसरं, प्रत्यक्षात टिप म्हणून जे गेलं ते सगळं एकत्र करायचं आणि अकरानं भागायचं. मास्तरांचे 128, काकूंचे 148, फाउंड्रीवाल्यांचे 100, मेडिकलवाल्यांचे 20. झाले 396, माणशी बरोबर 36.

मी तिसरं धरलं, कारण मेसेजमध्ये लिहिलंय ते हेच. 'टिप-बिप सगळं' यात खात्यावरनं गेलेलं पण आलं आणि हातानं दिलेलं पण आलं. मग चार जणांचे फाउंड्रीवाल्यांच्या वाट्याला 144, दिले 100, म्हणजे त्यांनी 44 द्यायचे, 3,740 रुपये. मेडिकलवाल्यांच्या वाट्याला 108, दिले 20, द्यायचे 88, 7,480 रुपये. मास्तरांना 56 डॉलर परत, 4,760, आणि काकूंना 76 परत, 6,460. दोन्ही बाजू 11,220 ला जुळतात.

मास्तरांनी घ्यायला नकार दिला. "दिलेली टिप परत घेऊ? काय बोलायलाय तुम्ही!" त्यांना समजावायला फाउंड्रीवाल्यांपेक्षा जास्त वेळ गेला. त्यांचं म्हणणं ते पैसे टिप नव्हतेच, प्रवासाचं भाडंच होतं, फक्त दुसऱ्या ओळीत लिहिलेलं. मला हे पूर्ण मान्य आहे, म्हणूनच तर कॉमन, भाडं सगळ्यांनी भरायचं असतं. शेवटी बाईंनी घेतले. फाउंड्रीवाल्यांनी 3,740 त्याच संध्याकाळी गूगल पेनं पाठवले, खाली काही न लिहिता. मेडिकलवाल्यांचे दोन महिने अडकले, शेवटी त्यांच्या तोंडदेखतच भिशीच्या हप्त्यातनं वळते केले.

मेडिकलवाल्यांची एक तक्रार मात्र मी अजून निकालात काढलेली नाही, कारण ती खरी आहे. नऊ वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाएवढाच दर कशासाठी? काही कंपन्या वयाप्रमाणं कमी लावतात, काही अगदी तान्ह्यालाच सोडतात, काही पाळण्यातल्याला पण पूर्ण लावतात. कंपनीवाले म्हणतील पलंग एकच, चादर एकच, शिवाय पोरं जेवणाच्या टेबलाखाली मोठ्यांपेक्षा जास्त सांडतात. असेल. पण हे त्यांनी बुकिंगच्या वेळी विचारलं असतं तर दुसरी कंपनी बघता आली असती, तिसऱ्या दिवशी मोबाइलवर बघून काय उपयोग. आणि त्यांना विचारायचं सुचणार तरी कसं, व्हाउचरवर आकडाच नाही.

त्यामुळं मी त्या ट्रॅव्हलवाल्याकडं गेलो. भांडायला नाही, पुढच्या वर्षी यातलीच काही माणसं परत जायचं म्हणतायत म्हणून. विचारलं की ही रक्कम आधीच पॅकेजमध्ये भरून टाकता येत नाही का. म्हणाला येते की, प्रीपेड ग्रॅच्युइटी म्हणून बऱ्याच कंपन्या घेतात, बुकिंगसोबत किंवा नंतर निघायच्या आधी कधीपण, काही ठिकाणी तर मध्ये दर वाढला तरी आपला जुनाच राहतो. मग लावत का नाही? त्यानं चहा मागवला, जरा इकडंतिकडं बघितलं आणि सांगितलं, "काका, मी कोटेशनमध्ये माणशी साडेपाच हजार जास्त दाखवले की गिऱ्हाईक शेजारच्या ऑफिसात जातंय. तो दाखवत न्हाई. मग मी का दाखवू?"

आता त्याच्याकडनं दोन आकडे लिहून घेतलेत, ग्रॅच्युइटीसकट आणि ग्रॅच्युइटीशिवाय, पोरांचा दर वेगळा. शेजारच्या ऑफिसातनं पण तसेच दोन आकडे मागितलेत, तो अजून नुसतं पाठवतो पाठवतो म्हणायलाय. फाउंड्रीवाल्यांनी ग्रुपवर कळवलंय की प्रीपेड असेल तर येतो, आणि जांबोटीच्या पोराचा नंबर काकूंकडं आहे काय ते विचारलंय.